चोवीस सेकंदांचा हिशेब

अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉलच्या राष्ट्रीय संघटनेंत १९५० सालच्या नोव्हेंबरच्या २२ तारखेस मिनियापोलिस येथें एक सामना झाला. ४८ मिनिटांच्या खेळानंतर फोर्ट वेनच्या पिस्टन्स संघाचे गुण भरले १९, आणि यजमान लेकर्सचे १८. लेकर्सचा जॉर्ज मायकन हा त्या काळचा सर्वांत बलाढ्य खेळाडू. संघाच्या १८ गुणांपैकीं १५ एकट्या त्याचे. त्याच्या हातीं चेंडू लागूं द्यावयाचा नाहीं, म्हणून पिस्टन्स तो आपल्यापाशींच धरून उभे राहिले. यांत नियमभंग कोठेंच नव्हता. खरें दुखणें होतें तें हेंच.

पुढें हा रोग फैलावला. आघाडी मिळाली कीं चेंडू आपसांत फिरवीत बसावें. विरुद्ध पक्षानें तो मिळविण्यासाठीं अंगावर धांवून फाऊल करावा. मग फ्री थ्रो, आणि पुन्हां तीच फिरवाफिरव. १९५३ च्या मार्चमध्यें बोस्टन व सिराक्यूज यांचा बाद फेरींतील सामना चार जादा डावांपर्यंत लांबला. त्यांत शंभरांवर फाऊल झाले, आणि बोस्टनच्या बॉब कूझीच्या ५० गुणांपैकीं ३० नुसत्या फ्री थ्रोचे होते. पदरचे पैसे मोडून हें पाहावयास कोण येणार?

सिराक्यूज हें न्यूयॉर्क राज्यांतील मध्यम शहर. १९५० सालीं वस्ती सुमारें सव्वादोन लाख. तेथील नॅशनल्स संघाचा मालक डॅनी बायसोन हा इटलींत जन्मलेला गृहस्थ. जड चेंडू घरंगळत सोडून लाकडी पिना पाडावयाच्या बोलिंगच्या खेळाचें सभागृह चालविणें, हा त्याचा धंदा. त्याचा हिशेब किराणा दुकानदारालाही पटावा इतका सोपा होता. जे सामने प्रेक्षकांस आवडत त्यांत दोन्ही संघ मिळून सुमारें १२० वेळां चेंडू जाळ्याकडे फेंकीत. ४८ मिनिटांचे सेकंद २८८०. त्यांस १२० नीं भागिलें कीं उत्तर चोवीस. तेव्हां चेंडू हातीं येतांच चोवीस सेकंदांच्या आंत फेंक झालीच पाहिजे, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाचा! या भागाकारांत संघाचा व्यवस्थापक लिओ फेरिस याचाही वांटा कित्येकजण मानतात, व तो मानावयास हरकत नाहीं. आपल्या हुतूतूंत हें घड्याळ चढाई करणाऱ्याच्या छातींतच असतें. दम संपला कीं चढाई संपली. बास्केटबॉलला तें भिंतीवर टांगावें लागलें.

१९५४ च्या ऑगस्टमध्यें सिराक्यूजच्या एका शाळेंत या नियमाचा प्रयोग करून दाखविण्यांत आला, आणि त्याच हंगामापासून तो अंमलांत आला. फाऊलांवरही त्याच वेळीं मर्यादा घातली गेली. एका संघाची सामन्यामागें सरासरी ७९ गुणांवरून एकदम ९३ वर चढली. तरीही वर्ष कठीणच होतें. मायकन निवृत्त झाला होता, आणि बाल्टिमोरचा संघ तर हंगामाच्या मध्येंच मोडला.

नॅशनल्सनीं ४३ सामने जिंकले, २९ हरले, आणि ते अंतिम फेरींत पोंचले. समोर कोण? तेच फोर्ट वेन! फोर्ट वेनचें क्रीडागृह त्या दिवसांत बोलिंगच्या स्पर्धेनें अडविलें होतें, म्हणून त्यांना 'घरचे' सामने इंडियानापोलिसला खेळावे लागले. बोलिंगच्या मालकाला दैवानें दिलेला हा हातभार मोठा मौजेचा खरा. तीन-तीन अशी बरोबरी झाली. सातवा सामना १९५५ च्या एप्रिलच्या १० तारखेस सिराक्यूजला होता.

त्यांत नॅशनल्स एका वेळीं २४-४१ असे मागें पडले. जुना नियम असता तर येथेंच खेळ खलास होता. सतरा गुणांची आघाडी घेऊन फोर्ट वेन चेंडू कुरवाळीत बसलें असतें. आतां दर चोवीस सेकंदांस त्यांना फेंकणें भाग होतें. डॉल्फ शेजच्या संघानें एकेक गुण करीत अंतर तोडलें. ९१-९१ असतां, अवघे बारा सेकंद राहिले तेव्हां, जॉर्ज किंगनें फ्री थ्रो साधला, आणि पाठोपाठ अँडी फिलिपच्या हातून चेंडू हिसकावून घेतला. ९२-९१. १९५० सालीं या संघटनेच्या सामन्यांत उतरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू अर्ल लॉइड हा याच संघांत होता. तो व जिम टकर हे विजेत्या संघांतील पहिले कृष्णवर्णीय ठरले.

खेळ वेगवान झाला, प्रेक्षक वाढले, आणि मोठ्या शहरांची नजर त्याकडे वळली. लहान गांवांच्या क्रीडागृहांस तो खर्च पेलेना. फोर्ट वेनचा संघ १९५७ सालीं डेट्रॉइटला गेला. नॅशनल्स १९६३ सालीं विकले गेले व फिलाडेल्फियाचे झाले. सिराक्यूजच्या आर्मरी चौकांत २००५ सालीं चोवीस सेकंदांच्या घड्याळाचें एक स्मारक तेवढें उभारण्यांत आलें.