फुप्फुसावरणातील एका गाठीचा वंशशोध

स्नायू, चरबी, तंतुमय ऊती आणि रक्तवाहिन्या यांसारख्या मऊ घटकांपासून उद्भवणाऱ्या कर्करोगांना ‘मृदू ऊतींचे सार्कोमा’ म्हणतात. ते छातीच्या पोकळीत विरळाच आढळत असल्याने तेथील प्रकारांची ओळख पटण्यास वैद्यकशास्त्राला फार काळ लागला. फुप्फुसाभोवतीच्या दुपदरी पडद्यात, म्हणजे फुप्फुसावरणात, वाढणारे एकल तंतुमय अर्बुद हे याचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या बहुतेक गाठी सौम्य असतात, तर काही सार्कोमाप्रमाणे पसरतात.

ही गाठ अनेकदा बारीक देठाने आवरणाला लटकलेली असते आणि कापल्यावर आत पांढुरके, चिवट, भोवऱ्यासारखे पीळ दिसतात. १९३१मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील पॉल क्लेम्परर आणि कोलमन रॅबिन यांनी फुप्फुसावरणातील पाच अर्बुदांच्या अभ्यासावरून त्यांचे दोन गट पाडले: आवरणाच्या पृष्ठपेशींपासून निघून सर्वत्र पसरणारी आणि पृष्ठाखालच्या संयोजी ऊतीतून एकाच जागी वाढणारी. मात्र १९४२मध्ये आर्थर पर्डी स्टाउट आणि मार्गारेट मरे यांनी अशा एका गाठीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, त्या पृष्ठपेशींसारख्या दिसल्या आणि त्यामुळे एकल गाठही ‘मेसोथेलिओमा’, म्हणजे पृष्ठपेशींचेच अर्बुद, ठरली. हे मत पुढे कित्येक दशके टिकले.

दरम्यान या गाठीचे एक विलक्षण लक्षण नोंदले गेले होते. १९३०मध्ये डोगे आणि पॉटर यांनी स्वतंत्रपणे वर्णिलेल्या रुग्णांमध्ये छातीतील गाठीबरोबर रक्तशर्करा घातक पातळीपर्यंत उतरत असे. गाठ इन्सुलिनसदृश वाढघटक स्रवते म्हणून असे घडते, हा उलगडा मात्र १९८०च्या दशकात झाला.

मूळ वादाचा निकालही हळूहळूच लागला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गाठीच्या पेशी तंतुजनक पेशींसारख्या दिसल्या, विशिष्ट प्रथिने रंगवून दाखवणाऱ्या चाचण्यांत पृष्ठपेशींची केराटिन प्रथिने त्यांत सापडली नाहीत आणि १९९०च्या दशकात ‘सीडी३४’ हे प्रथिन तिची खूण म्हणून पुढे आले. अखेर २०१३मध्ये बाराव्या गुणसूत्रावरील ‘नॅब२’ आणि ‘स्टॅट६’ या शेजारच्या जनुकांचे एकत्रीकरण सापडले. त्यामुळे ‘स्टॅट६’ प्रथिन पेशीकेंद्रकात साचते आणि साध्या रंगचाचणीनेही ते दिसू शकते.

१९३१चे निदान केवळ सूक्ष्मदर्शकाच्या आधारे केलेले होते, तरी या गाठीच्या उगमाबाबत तेच अधिक अचूक ठरले. १९४२चा निष्कर्ष नव्या तंत्रामुळे प्रतिष्ठा पावला, पण टिकला नाही. या फरकाला व्यवहारात मोठे महत्त्व आहे, कारण पसरणारा मेसोथेलिओमा बहुधा ॲस्बेस्टॉसशी निगडित आणि दुर्धर असतो, तर एकल तंतुमय अर्बुदाचा ॲस्बेस्टॉसशी संबंध आढळलेला नाही आणि शस्त्रक्रियेने ते पूर्ण काढल्यास बहुसंख्य रुग्ण बरे होतात.