तार तुटली की घंटा वाजली पाहिजे

दूरवरच्या खोलीत बसलेल्या माणसाला एखादे दार उघडले आहे की बंद, रुळावर गाडी उभी आहे की नाही, टाकीतले पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत आले की नाही, हे कळवायचे असेल तर धातूच्या दोन पट्ट्या पुरतात. त्या एकमेकींना टेकल्या तर ‘हो’, सुटल्या तर ‘नाही’. या पट्ट्यांमध्ये स्वतःची वीज नसते. ती देखरेख करणारे यंत्र पुरवते. म्हणूनच अशा जोडणीला ‘ड्राय काँटॅक्ट’ म्हणतात, आणि भारतीय रेल्वेच्या सिग्नल विभागात ‘पोटेन्शियल-फ्री काँटॅक्ट’. रचना पोरखेळ वाटावी इतकी सोपी आहे. प्रश्न एकच उरतो : मधली तारच तुटली, तर दूरच्या माणसाला काय दिसेल? (धागा)

१८५३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात ऑगस्टस पोप यांनी विजेवर चालणाऱ्या चोर-घंटेचे पेटंट घेतले. दार किंवा खिडकी उघडली की पट्ट्या टेकत, प्रवाह वाहू लागे आणि विद्युतचुंबकाच्या ओढीने हातोडी घंटेवर आदळे. १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी हे हक्क विकत घेतले आणि लवकरच न्यूयॉर्कमध्ये धंदा मांडला. कल्पना चांगली होती, पण तिच्यात एक भोक होते. चोराने आधी तार कापली, तर घंटा वाजण्याचे कारणच उरत नसे. घरमालकाला ऐकू येणारी शांतता ‘सारे ठीक आहे’ या अर्थाची आहे की ‘तार कापली गेली आहे’ या अर्थाची, हे ओळखण्याचा मार्ग नव्हता.

(होम्स घराण्याची एक गंमत जाता जाता. १८७७ मध्ये बॉस्टनमध्ये त्यांच्या मुलाने याच चोर-घंटांच्या तारांवर दिवसा बेल यांचे टेलिफोन जोडून पाहिले. जगातील पहिल्या टेलिफोन एक्स्चेंजांपैकी एक असे चोरांच्या धास्तीतून जन्माला आले.)

याच बॉस्टनमध्ये १८५२ पासून विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांची आगीची तारयंत्रणा चालू होती. रस्त्यावरच्या पेटीतील हँडल फिरवले की दात्यांचे चाक प्रवाह ठरावीक क्रमाने जोडी-तोडी आणि मध्यवर्ती कार्यालयाला पेटीचा क्रमांक कळे. खोट्या वर्द्या टाळण्यासाठी पेट्यांना कुलूप असे. ९ नोव्हेंबर १८७२ च्या संध्याकाळी समर स्ट्रीटवरील एका इमारतीला आग लागली. ५२ क्रमांकाच्या पेटीवरून वर्दी गेली तेव्हा ७ वाजून २४ मिनिटे झाली होती आणि आगीने चांगलाच जम बसवला होता. त्यात शहरातील घोडे साथीने आजारी, त्यामुळे बंब माणसांनी ओढत नेले. सुमारे ६५ एकरांतील ७७६ इमारती जळाल्या. तारेने आपले काम चोख केले होते. उशीर झाला तो तारेपर्यंत पोहोचायला.

मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच वर्षी, आगीच्या जेमतेम तीन महिने आधी, कागदावर आले होते.

विल्यम रॉबिन्सन यांनी १८७० मध्ये पेनसिल्व्हेनियातील किन्झुआ येथे एक स्वयंचलित सिग्नल बसवला होता. गाडीची चाके रुळालगतचा दांडा दाबत, प्रवाह जोडला जाई आणि सिग्नल ‘धोका’ दाखवी. पुढचा दांडा दाबला गेला की सिग्नल पुन्हा ‘मोकळा’. त्यातले दोष रॉबिन्सन यांनीच हेरले. गाडी मध्येच तुटून काही डबे मागे राहिले, तरी पुढचा भाग सिग्नल मोकळा करून निघून जाई. तार तुटली किंवा बॅटरी उतरली, तर सिग्नल धोक्यावर येतच नसे. म्हणजे यंत्र बिघडले की ते नेमके धीर देणारे खोटे बोले.

२० ऑगस्ट १८७२ च्या पेटंटात त्यांनी मांडणी उलटी केली. बॅटरी रुळांच्या एका टोकाला, रिले दुसऱ्या टोकाला आणि प्रवाह सतत रुळांतूनच वाहता. प्रवाह आहे तोवरच सिग्नल मोकळा. गाडी आली की तिची चाके आणि आस दोन्ही रुळांना सांधतात, प्रवाह रिलेपर्यंत पोहोचतच नाही आणि सिग्नल धोक्यावर पडतो. रूळ तडकला, तार तुटली, बॅटरी संपली, तरी परिणाम तोच. शांतता हीच धोक्याची सूचना ठरली. (मराठीत इथे हमखास गोंधळ होतो. ‘दिवा बंद’ म्हणजे वीज नाही, पण ‘परिपथ बंद’ म्हणजे वीज वाहते आहे.)

आजच्या कारखान्यातील किंवा इमारतीतील देखरेख याच उलट्या विचारावर उभी आहे. तिच्यात पुढे एक भर पडली. वाहत्या प्रवाहालाही फसवता येते : दोन तारा मध्येच एकमेकींना जोडल्या की पलीकडचे दार सताड उघडले तरी प्रवाह अखंड राहतो. म्हणून तारेच्या शेवटच्या टोकाला, थेट संवेदकापाशी, ठरावीक मूल्याचा रोधक बसवतात. प्रवाह ठरलेला असेल तर ठीक, शून्य झाला तर दार उघडले किंवा तार तुटली, फार वाढला तर कुणीतरी तारा सांधल्या. हा रोधक सोयीसाठी पेटीतच बसवला, तर तो फक्त पेटीची राखण करतो, तारेची नाही.

रॉबिन्सन यांच्या युक्तीला तुटलेली तार हरवू शकत नाही. जादा तार हरवू शकते.

नोव्हेंबर १८८८ नव्हे, नोव्हेंबर १९८८. लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनच्या रिले-खोलीत नव्या तारा जोडण्याचे काम चालू होते. एक जुनी तार रिलेच्या टोकापासून सोडवली गेली, पण ती कापली नाही, तिच्या उघड्या टोकावर नवी पट्टी गुंडाळली नाही आणि दुसरे टोक फ्यूजपाशी जोडलेलेच राहिले. ११ डिसेंबरला शेजारचा रिले बदलताना ती हलली आणि जुन्या जागी परत टेकली. दुसऱ्या दिवशी सकाळी रुळावर गाडी उभी असतानाही रिलेला प्रवाह मिळत राहिला आणि मागच्या गाडीला लाल दिवा दिसला नाही. ३५ माणसे मेली. अँथनी हिडन यांच्या चौकशीत दिसले की तारा जोडणाऱ्या तंत्रज्ञाला १३ आठवड्यांत एकच सुटी मिळाली होती आणि रिलेवरच्या तारा दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे मोजल्याच नव्हत्या. दोष त्या एका माणसावर ढकलून मोकळे होणे सोपे होते. हिडन यांनी तसे केले नाही. त्यांच्या शिफारशींत तारांची मोजणीही होती आणि कामाच्या तासांवरची मर्यादाही.

भारतीय रेल्वेच्या स्थानकांवर आज ‘डेटा लॉगर’ असतात. रिलेंच्या पोटेन्शियल-फ्री काँटॅक्टांवरून ते प्रत्येक हालचाल वेळेसह नोंदवतात आणि ती माहिती दूरच्या नियंत्रण कक्षात पाठवतात. पण डेटा लॉगर रूळ पाहत नाही. तो काँटॅक्ट पाहतो, आणि काँटॅक्ट तारेने जे सांगितले तेच सांगतो. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बाहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, तेव्हा सांधा लूप मार्गाकडे वळलेला होता आणि तिथे मालगाडी उभी होती. २९० हून अधिक लोक दगावले. रेल्वे मंत्रालयाने त्या जुलैत राज्यसभेत दिलेल्या उत्तरात दोन कारणे होती : उत्तरेकडील सिग्नल गुमटीत पूर्वी केलेल्या परिपथ-बदलातील त्रुटी, आणि ९४ क्रमांकाच्या फाटकाचा विजेवर चालणारा अडसर बदलताना झालेल्या त्रुटी.