चिखलदऱ्याची कॉफी : कोठे प्यावी, सोबत काय खावे?

विदर्भाचे नंदनवन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चिखलदऱ्यात कॉफी पिकते, हे अनेक पर्यटकांना तेथे पोहोचल्यावरच कळते. महाराष्ट्रात कॉफीच्या लागवडीसाठी हेच एक ठिकाण प्रसिद्ध आहे. मात्र, येथे कॉफी पिकते म्हणून प्रत्येक टपरीवर तीच कॉफी मिळेल, असे नाही. वऱ्हाडात सहलीला निघालेल्यांनी हा फरक आधी समजून घेतलेला बरा.

कॉफी येथे का पिकते?

सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. अकोला, अमरावतीचा पारा उन्हाळ्यात 45 अंशांकडे झेपावत असताना येथे गारवा असतो. इंग्रज फौजांनी डिसेंबर 1803 मध्ये गाविलगड जिंकला. पुढे 1823 मध्ये कॅप्टन रॉबिन्सन या अधिकाऱ्याने हे ठिकाण प्रकाशात आणले, असे सांगितले जाते. कॉफीची रोपेही इंग्रजी अमदानीतच येथे रुजली.

कॉफीच्या झाडाला उंची, मोठ्या झाडांची सावली आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. या तिन्ही गोष्टी येथे आहेत. मात्र, फुलोरा येण्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये हलक्या सरी याव्या लागतात आणि वऱ्हाडात त्यांची शाश्वती नसते. कर्नाटकातील कोडगू, चिकमगळूरसारखे विस्तीर्ण मळे येथे दिसत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे. पंचबोल पॉइंटच्या परिसरात कॉफीची झाडे पाहायला मिळतात. पांढऱ्या फुलांना मोगऱ्यासारखा गंध असतो. लाल फळे हिवाळ्यात तयार होतात. ती तोडू नयेत. हे कोणाचे तरी पीक आहे.

कप मागवण्यापूर्वी

हॉटेलांत ‘कॉफी’ म्हणून पुष्कळदा दुधात ढवळलेली तयार पूडच मिळते. तेव्हा ‘पूड येथलीच आहे का, आणि उकळून, गाळून देता का?’ हे दोन प्रश्न मागवण्यापूर्वीच विचारावेत. घरी नेण्यासाठी पाकीट घेताना उत्पादकाचे नाव व भाजल्याची तारीख पाहावी. दळलेल्या पुडीचा सुगंध काही आठवड्यांतच उतरतो. त्यामुळे शक्य असल्यास भाजलेल्या बिया घ्याव्यात आणि लागतील तशा दळाव्यात. चिकोरी मिसळली असल्यास पाकिटावर तिचे प्रमाण छापलेले असते.

येथल्या कपाला चव येते ती दुधामुळेही. मेळघाटातील गवळी कुटुंबांचा म्हशी पाळण्याचा व्यवसाय जुना आहे. जवळच्या अचलपूरच्या, म्हणजे पूर्वीच्या एलिचपूरच्या, नावावरून नागपुरी म्हशीला ‘एलिचपुरी’ असेही म्हणतात. त्यामुळे चिखलदऱ्यात कॉफीसोबत रबडी आणि खवा आवर्जून चाखावा. हिवाळ्यात मोथा परिसरातील स्ट्रॉबेरी रस्त्याकडेला विक्रीस येते.

जेवणाचे काय?

साध्या खानावळीत ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा, वांग्याचे भरीत किंवा पातोडीची रस्साभाजी मागावी. वऱ्हाडी रस्सा झणझणीत असतो. लहान मुले सोबत असल्यास तिखट कमी ठेवण्यास आधीच सांगावे. लहान खानावळींत स्वयंपाक मागणीनुसार होतो. सकाळी फिरायला निघतानाच जेवण सांगून ठेवल्यास दुपारी ताटकळावे लागत नाही. कोरकू आदिवासींच्या आहारात कोदो, कुटकी ही भरडधान्ये पूर्वापार आहेत. ती विक्रीस दिसल्यास जरूर घ्यावीत.

अमरावतीत थांबणाऱ्यांनी दही-चटणीसह मिळणारा गिला वडा चुकवू नये. मुंबईकडून रेल्वेने येणाऱ्यांना अकोल्यापूर्वी शेगाव स्थानक लागते. तेथील कचोरी प्रसिद्धच आहे. अकोल्याहून नरनाळा किल्ला पाहायला निघालेल्यांनी मात्र अकोटमध्येच खाऊन घ्यावे आणि डबा व पाणी सोबत ठेवावे. शहानूरच्या पुढे जंगल आहे, तेथे खानावळ शोधण्यात वेळ दवडू नये.

कसे जावे?

मुंबई-नागपूर मार्गावरील बडनेरा हे सोयीचे स्थानक आहे. अमरावतीहून परतवाडा सुमारे 50 किलोमीटर व तेथून चिखलदरा सुमारे 30 किलोमीटर आहे. पुढचा रस्ता घाटाचा असून पावसाळ्यात धुके दाट असते. त्यामुळे दिवसाउजेडीच पोहोचावे. मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. जंगलातील रस्ते व प्रवेशद्वारांच्या वेळा निघण्यापूर्वी वन विभागाकडून जाणून घ्याव्यात. उरलेले अन्न व प्लॅस्टिक जंगलात टाकू नये, माकडांनाही खाऊ घालू नये.

मेळघाटचे नाव वर्षानुवर्षे कुपोषणाच्या बातम्यांतून शहरात पोहोचत आले आहे. त्याच डोंगरात पिकलेली कॉफी, मध, खवा, भरडधान्य येथल्याच माणसाकडून विकत घेतले, तर सहलीच्या खर्चातील चार पैसे त्या घरांत पोहोचतात. खरेदी करताना फार घासाघीस करू नये. कपातली कॉफी कोठली, असे विचारणारे ग्राहक वाढले, तर येथली कॉफी ठेवणारे विक्रेतेही वाढतील.