कोणती सायकल चांगली?

नागपुरात महालात, इतवारीत किंवा बर्डीवर सायकल दुरुस्तीच्या एखाद्या जुन्या दुकानापुढे चार वडीलधारी माणसे बसलेली दिसली, तर त्यांना एकच प्रश्न विचारून पाहावा : "कोणती सायकल चांगली?" मग तासभर दुसरा विषय निघणार नाही. रॅले हलकी चालते, हर्क्युलस दणकट, ओझे वाहायला अ‍ॅटलास, दुरुस्तीला हीरो स्वस्त, आणि खरी सायकल म्हणाल तर विलायती, ही मते आमच्या पिढीने लहानपणापासून ऐकली आहेत. मत सांगणारा ते अनुभवाने सांगतो, म्हणून ते खोडणेही अवघड जाते.

पण अनुभव आणि पुरावा या दोन गोष्टी एकच आहेत का? सायकलीच्या इतिहासातून याचे उत्तर शोधता येते. वर्गात विज्ञान शिकवणाऱ्यांना तो इतिहास उपयोगी पडेल असे आम्हांला वाटते.

आज आपण जिला साधी काळी सायकल म्हणतो तिचा आराखडा फार जुना आहे. दोन सारखी चाके आणि मागचे चाक साखळीने फिरवण्याची सोय असलेली 'रोव्हर' सायकल जॉन केम्प स्टार्ली यांनी इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथे १८८५ साली बाजारात आणली. १८८८ साली जॉन डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. येथून पुढे कारखानदारी वेगाने वाढली. नॉटिंगहॅममध्ये रॅले कंपनी उभी राहिली. बर्मिंगहॅममध्ये १८६१ साली बंदुका तयार करण्यासाठी निघालेली बी. एस. ए. कंपनी सायकलीही करू लागली. तिच्या चिन्हात तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या असतात, त्या याच इतिहासाची खूण आहेत. १९१० साली बर्मिंगहॅममध्येच हर्क्युलस कंपनी निघाली आणि तिने स्वस्त सायकलींचे प्रचंड उत्पादन केले.

नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होते. सरकारी कचेऱ्या, न्यायालये, कॉलेजे आणि १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल यांमुळे रोज ठरावीक वेळी घराबाहेर पडणारा मोठा वर्ग येथे तयार झाला. शहराचा बराचसा भाग सपाट. अशा गावात सायकल रुजली नसती तरच नवल. दुसऱ्या महायुद्धापर्यंत भारतात येणाऱ्या सायकली मुख्यतः इंग्लंडच्या असत. त्यांच्या खालोखाल जर्मन आणि स्वस्त जपानी मालही येई. साहेबाच्या देशातून आलेली महाग वस्तू चांगलीच असणार, हा समज त्या काळात पक्का झाला.

स्वातंत्र्याच्या आसपास चित्र पालटले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना आधीच सुरू झाला होता. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली आणि विलायती नावेच भारतात तयार होऊ लागली. रॅले बंगालमधील आसनसोलला सेन-रॅले कंपनीत, तर हर्क्युलस मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्समध्ये. अ‍ॅटलासचा कारखाना १९५१ साली सोनीपतला निघाला. फाळणीनंतर लुधियानात स्थिरावलेल्या मुंजाल बंधूंचा व्यवसाय सायकलीच्या सुट्या भागांचा होता. १९५६ साली त्यांनी हीरो सायकलींचे उत्पादन सुरू केले. तीस वर्षांनी, १९८६ साली, जगातील सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून या कंपनीची गिनेस बुकात नोंद झाली.

म्हणजे १९६० च्या सुमारास नागपूरच्या गिऱ्हाइकापुढे चार-पाच नावे होती, आणि आराखडा मात्र सर्वांचा जवळजवळ एकच : अठ्ठावीस इंची चाके, पोलादी नळ्यांचा सांगाडा, सळीचे ब्रेक, सुमारे २० किलो वजन. वस्तू इतक्या सारख्या असताना मते इतकी वेगळी का? एकेक मत तपासून पाहू.

पहिले मत : "अमकी सायकल हलकी चालते." समजा चालवणाऱ्याचे वजन ६० किलो आणि सायकलीचे २० किलो, एकूण ८० किलो. दुसरी सायकल २ किलोने हलकी आहे. सेमिनरी हिल्सचा चढ चढताना लागणारी ऊर्जा एकूण वजनाच्या प्रमाणात असते, म्हणून बचत झाली ८० मागे २, म्हणजे अडीच टक्के. भरलेला डबा आणि पाण्याची बाटली घरी ठेवली तरी साधारण एवढाच फरक पडेल. सपाट रस्त्यावर तर तो आणखी कमी. उलट टायरमध्ये हवा कमी असेल, साखळीला तेल नसेल किंवा छर्रे झिजले असतील, तर कोणत्याही नावाची सायकल जड जाते.

दात्यांचाही प्रश्न आहे. पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४४ वेळा फिरते. चाकाचा परीघ साधारण २.२ मीटर धरला तर सायकल ५.४ मीटर पुढे जाते. पुढे ४८ दाते असतील तर ती ५.९ मीटर जाईल, पण पायाला जोर अधिक लावावा लागेल. पहिलीला लोक 'हलकी' म्हणतात, दुसरीला 'पळणारी'. श्रेय मात्र जाते ते पुढच्या पट्टीवरील नावाला!

दुसरे मत : "नागपूरच्या उन्हात अमक्या कंपनीचा टायर फुटतो." आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा ही तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०० केल्व्हिनला, टायरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा ३ वातावरणे जास्त दाब भरला, तर एकूण दाब झाला ४. दुपारी उन्हात टायर ५७ अंशांपर्यंत, म्हणजे ३३० केल्व्हिनपर्यंत तापला असे समजू. आकारमान फारसे बदलत नाही, म्हणून एकूण दाब दहा टक्क्यांनी वाढून ४.४ होतो. बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब ३ वरून ३.४ वर जातो. धडधाकट टायर एवढे सहज सोसतो. फुटतो तो बहुधा आतला कापडी थर कुजलेला टायर, किंवा काठोकाठ हवा भरलेला. पंक्चरचे ठिगळ तापून सुटते ते वेगळेच. आणि विदर्भात बाभळीचा काटा कंपनीचे नाव वाचून टोचत नाही.

तिसरे मत सर्वांत फसवे आहे : "जुन्या विलायती सायकलीच खऱ्या, पन्नास वर्षे झाली, अजून चालताहेत." समजा त्या काळच्या शंभर सायकलींपैकी पाच आज रस्त्यावर आहेत. आपल्याला दिसतात त्या या पाच. गंजून भंगारात गेलेल्या पंच्याण्णव साक्ष द्यायला येत नाहीत. शिवाय महाग सायकल मालक जपून वापरतो, रोज पुसतो, पावसात बाहेर काढत नाही. दूधवाल्याच्या सायकलीला दोन्ही बाजूंना कॅन असतात आणि तिला सुट्टी नसते. ती लवकर झिजली तर दोष कुणाचा? तुलना करायची तर दोघींना सारखे काम द्यायला हवे. आपण प्रयोगशाळेत एक घटक बदलून बाकीचे स्थिर ठेवायला सांगतो, तोच हा नियम.

मग ही मते निव्वळ पोकळ होती का? तसेही नाही. सायकल ही मालकाची पतही होती. लग्नात घड्याळ, रेडिओ आणि सायकल मागण्याची चाल होती. तेथे नाव महत्त्वाचे ठरे, आणि त्या नावाचा भार मुलीच्या बापावर पडे. दुरुस्तीच्या दुकानात मात्र वेगळाच प्रश्न विचारला जाई : हिचा भाग मिळतो का?

या प्रश्नाचे उत्तर आट्यांत दडले आहे. पेडलची धुरी ज्या नळीत बसते तिच्या दोन्ही तोंडांना आटे पाडलेल्या वाट्या असतात. दुकानात त्यांना कप म्हणतात. बी. एस. ए. कंपनी आपले सुटे भाग इतर कारखानदारांनाही विकत असे, आणि बहुतेक इंग्लिश कारखान्यांनी या वाट्यांसाठी इंचाला २४ आटे हे प्रमाण धरले. नॉटिंगहॅमच्या रॅलेने मात्र स्वतःचे २६ आटे ठेवले. दोन आट्यांमधील अंतर पहिल्या पद्धतीत १.०६ मिलिमीटर, दुसऱ्या पद्धतीत ०.९८. फरक नखाएवढाही नाही. पण एकाची वाटी दुसऱ्यात फिरवू गेल्यास तो प्रत्येक फेऱ्यात साठत जातो आणि वाटी अडकून बसते. म्हणजे मालकाला जिचा सर्वांत अभिमान, तिच्याच वाट्या शेजारच्या दुकानात मिळणे कठीण!

उलट लुधियानाच्या लहान लहान कारखान्यांतून प्रमाणबद्ध भागांचा पूर आला. यांतील अनेक भाग सरकारने लघुउद्योगांसाठी राखून ठेवले होते. एका कंपनीची सायकल, दुसरीचे पेडल, तिसरीची साखळी असे चालू लागले. 'दुरुस्तीला स्वस्त' या मतामागचे कारण हेच, आणि आमच्या मते सर्व मतांत हेच सर्वांत शहाणे होते.

पुढच्या काळाने त्याची कसोटी घेतली. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे १९८० साली संसदेच्या एकाच कायद्याने राष्ट्रीयीकरण करावे लागले, तरी त्या पुढे टिकल्या नाहीत. रॅलेचे नॉटिंगहॅममधील उत्पादन २००२ साली थांबले. अ‍ॅटलासचा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद झाला. नावे गेली, पण त्या नावांच्या जुन्या काळ्या सायकली चालू राहिल्या, कारण त्यांना लागणारे छर्रे, साखळी आणि टायर कुणा एका कंपनीच्या मालकीचे नव्हते.

ही केवळ जुन्या आठवणींची गोष्ट नाही. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील इयत्ता ८ वी ते १२ वीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळते. जिचे गाव शाळेपासून चार-पाच किलोमीटरवर आहे, तिची सायकल बंद पडली आणि भाग मिळाला नाही, तर प्रश्न फक्त सायकलीचा राहत नाही. मुलीची शाळा सुटू शकते. घरी सायकल निवडताना मुले गिअर किती, रंग कोणता, नाव कोणते एवढेच पाहतात आणि साध्या सायकलीची त्यांना लाज वाटते. त्या वेळी दुकानदाराला विचारण्याचा पहिला प्रश्न असा असावा : हिचा टायर, हिची साखळी, हिचे कप आमच्या गावात मिळतील का?

शिक्षकांना एक उपक्रम सुचवावासा वाटतो. शाळेच्या आवारातल्या सायकलींची यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. नाव, वय, पुढचे व मागचे दाते, रोजचे अंतर, गेल्या वर्षभरातल्या दुरुस्त्या, आणि भाग कुठे मिळाला, एवढे रकाने पुरेत. यादी करण्याआधी प्रत्येकाने आपले मत कागदावर लिहून ठेवावे : कोणती सायकल चांगली? यादी झाल्यावर तो कागद पुन्हा उघडावा. काहींची मते टिकतील, काहींची बदलतील. आणि घरच्या वडीलधाऱ्यांना तोच प्रश्न विचारताना मुले पुढे आणखी एक प्रश्न जोडतील : "कशावरून?"