‘तू आलास’ की ‘तू आलीस’? गेममधल्या प्रेमाची छोटी गोष्ट

आजचा एपिसोड छोटाच आहे, दोन-तीन स्टेशनांत ऐकून संपेल.

मध्यंतरी सुट्टीत बसून मी एक टेक्स्ट गेम लिहिला. ग्राफिक्स नाहीत, वाचायचं आणि पुढे काय करायचं ते निवडायचं. त्यात हीरो पावसात हिरॉइनच्या मागे मागे बस स्टॉपपर्यंत जातो आणि मनातलं सांगतो. मग वाटलं, खेळणाऱ्याला मुलगी व्हायचं असेल तर? एक व्हेरिएबल बदलला, दोघांची अदलाबदल झाली, काम संपलं.

एका मैत्रिणीने दोन्ही बाजूंनी खेळून पाहिला. म्हणाली, “मुलगी मागे येते तेव्हा हसू येतं. मुलगा मागे येतो तेव्हा मी पावलं भराभर उचलते.” कोड बरोबर होता, सीन चुकला होता.

हा पेच जुना आहे. अमेरिकेत इन्फोकॉम नावाची कंपनी टेक्स्ट गेम्ससाठी प्रसिद्ध होती. १९८६ साली तिथे स्टीव्ह मेरेट्झकीचा ‘लेदर गॉडेसेस ऑफ फोबॉस’ आला. सुरुवात ओहायोतल्या एका बारमध्ये, साल १९३६. तुम्ही बाई की पुरुष, हे गेम थेट विचारत नाही. तुम्ही कुठल्या टॉयलेटमध्ये शिरता त्यावरून ओळखतो! सोबत्याचं नावही त्यानुसार ट्रेंट किंवा टिफनी.

पुढच्याच वर्षी एमी ब्रिग्जने ‘प्लंडर्ड हार्ट्स’ लिहिला. इथे निवड नाहीच: तुम्ही सतराव्या शतकातली तरुणी, गाठ समुद्री चाच्यांशी. देखणा कॅप्टन जेमिसन आहे, पण त्याला संकटातून सोडवायचं काम तुमच्यावर येतं. प्रेमकथा तीच, फक्त ती कुणाच्या नजरेतून दिसते ते बदललं.

२०१० मधल्या ‘चॉइस ऑफ ब्रॉडसाइड्स’ने आणखी पुढची उडी मारली. शिडाच्या जहाजांचा काळ, आरमारातली नोकरी. तुम्ही बाई झालात की अख्खा समाजच उलटतो: बायका लढायला समुद्रावर, पुरुष घरी. कारण प्रेमात कोण पुढाकार घेऊ शकतो आणि कोण वाट बघतो, हे नावावरून नाही, समाजावरून ठरतं.

आता आपली मराठी बघा. इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की भागतं. मराठीत ‘तुम्ही आलात’ दोघांनाही चालतं. पण जवळीक वाढली, ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, की लगेच ‘तू आलास’ की ‘तू आलीस’? म्हणजे प्रेम सुरू होतं नेमकं तिथेच आपलं क्रियापद सगळं सांगून टाकतं. नुसतं नाव बदलून सुटका नाही.

शेवटी मी तो सीन पुसला. आता पात्र मागे जात नाही. थांबतं आणि विचारतं, “सोबत येऊ का?” समोरचं पात्र ‘नको’ म्हणालं, तर गोष्ट दुसऱ्या वाटेने पुढे जाते. आणि लिहिताना लक्षात आलं: हे वाक्य मुलगा म्हणो की मुलगी, त्यातलं एक अक्षरही बदलत नाही.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!