महाराजांच्या मेजावरून आपल्या आराशीत

बाहेरगावचे पाहुणे आले की आपण ग्वाल्हेरकर त्यांना जयविलास महालात नेतो आणि जेवणाच्या मेजावरची चांदीची आगगाडी हमखास दाखवतो. माधवराव महाराज शिंदे (१८७६–१९२५) यांना आगगाडीचे विलक्षण वेड. मेजावरच्या रुळांवरून विजेने धावणारी ही गाडी पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया आणि सिगार फिरवी. कोणी सुरई उचलली की थांबे, परत ठेवली की पुढे निघे.

त्याच हौसेतून २ फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे वाढली. १९०९ मध्ये ती श्योपूरला पोहोचली. सुमारे २०० किलोमीटरच्या या वाटेवर आपल्या घरांतल्या कित्येक पिढ्यांनी प्रवास केला. २०२० मध्ये गाडी थांबली आणि तिच्या जागी रुंद रूळ घालण्याचे काम सुरू झाले. सोय होईल, याचा आनंदच आहे. पण आज बालवाडीत जाणाऱ्या मुलांना ती छोटी गाडी धावताना दिसणार नाही.

निदान नमुन्याच्या रूपाने ती आपल्याला जपता येईल. पूर्वी यात मोठी अडचण होती. अशा बहुतेक विजेच्या गाड्यांना वीज रुळांतूनच मिळे. रुळावर धूळ बसली की गाडी अडखळे, आणि एकाच मार्गावर दोन गाड्या वेगवेगळ्या चालवणे अवघड जाई. १९९० च्या दशकात रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा संदेश पाठवण्याची अंकीय पद्धत रूढ झाली. ती उत्तम, पण खर्चिक. शिवाय रूळ स्वच्छ लागतातच.

निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कला रेडिओलहरींवर चालणारी छोटी नाव दाखवली होती. ती युक्ती इंजिनाच्या पोटात मावायला मात्र पुष्कळ काळ गेला. मोबाइलमुळे लिथियम बॅटऱ्या आणि चिपा स्वस्त झाल्या, तेव्हा वाट मोकळी झाली. आता बॅटरी आणि रेडिओ इंजिनातच बसतात. रुळांचे काम फक्त वाट दाखवण्याचे. वायफाय असलेला छोटा सर्किट बोर्ड काही शे रुपयांत मिळतो, आणि हातातला मोबाइलच चालकाची कळ होतो.

२ फुटी गाड्यांचे नमुने करणाऱ्या इंग्लंडमधल्या हौशी मंडळींचे एक सोपे माप आहे: एका फुटाला १६ मिलिमीटर. म्हणजे आपल्या गाडीचे रूळ ३२ मिलिमीटरचे. या मापाच्या इंजिनात बॅटरी आरामात बसते.

पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना हा आनंद देत आहे. आपल्याकडे तर गाडीही आपलीच होती. निवृत्त रेल्वे कर्मचारी, जुनी छायाचित्रे असलेली घरे आणि सोल्डरिंग येणारी कॉलेजातली मुले, हे तिघे एकत्र आले तर पुढच्या वर्षी बाप्पापुढच्या आराशीत श्योपूरची गाडी धावू शकेल. स्थानकांची नावे, डब्यांचे रंग, गर्दीच्या गोष्टी सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत. त्यांना आत्ताच विचारून घेऊ या.