हलगी आणि कॅनव्हास

माळशिरसच्या रस्त्यावरून उसाने भरलेली ट्रॉली गेली की खिडकीचं तावदान खडखडतं. त्याच भिंतीवर कॅनव्हासवरचं तैलचित्र असेल तर तेही थरथरतं, फक्त आवाज होत नाही.

कॅनव्हास म्हणजे चौकटीवर ताणलेलं कापड, जवळपास हलगीच्या कातड्यासारखं. आकार, वजन आणि ताण यांवर त्याचा स्वतःचा ताल ठरतो. मोठ्या चित्राचा ताल सेकंदाला दहा-वीस हेलकाव्यांच्या आसपास असू शकतो. बाहेरचं कंपन त्या तालाशी जुळलं की चित्र भिंतीपेक्षा कितीतरी जास्त हलतं. कापड लवतं, पण त्यावरचा जुना रंग ठिसूळ झालेला असतो. आधी केसाएवढी भेग पडते, मग पोपडा सुटतो.

माळशिरसहून म्हसवड-दहिवडीकडून औंधला जाता येतं. तिथं यमाईच्या डोंगराच्या उतारावर भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभारलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथं आहेत. त्या काळी चित्र सुखरूप पोचणं हे बरंचसं हलवणाऱ्याच्या हातावर आणि रस्त्याच्या मर्जीवर अवलंबून असे.

पुढे जगभरातली संग्रहालयं प्रदर्शनांसाठी एकमेकांना चित्रं पाठवू लागली आणि नुसत्या अंदाजावर भागेना. १९९१ साली लंडनमध्ये चित्रांची बांधणी आणि वाहतूक याच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. कॅनडाच्या संवर्धन संस्थेतल्या पॉल मार्कन यांच्या कामातून ‘पॅडकॅड’ नावाचं सॉफ्टवेअर आलं. वस्तूचं वजन किती, ती किती उंचीवरून पडू शकते, किती धक्का सोसेल, हे सांगितलं की पेटीत किती जाड फोम लावायचा ते कळतं.

पण इथं एक मेख आहे. फोमलाही स्वतःचा ताल असतो. पेटी पडली तर तो चित्राला वाचवतो, पण ट्रकच्या थरथरीत त्याचा ताल कॅनव्हासशी जुळला तर तोच कंपन वाढवतो. म्हणून धक्का आणि कंपन, दोन्ही हिशेब एकत्र मांडावे लागतात. सॉफ्टवेअरचा खरा उपयोग तिथं होतो.

या साधनाचा धाकटा भाऊ तुमच्या खिशात आहे. स्क्रीन आडवी करणारा फोनमधला सेन्सर कंपनही टिपतो. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठानं २०१६ साली आणलेलं ‘फायफॉक्स’ हे मोफत अॅप त्याचा आलेख दाखवतं. अगदी बारीक थरथर फोनला कळत नाही, त्यामुळे आलेख सपाट दिसला म्हणून निर्धास्त राहू नये. पण ट्रॉली जाताना कोणती भिंत जास्त हलते, एवढं समजलं तरी पुष्कळ.

उपाय मात्र सुताराकडेही मिळतो. चौकटीच्या मागे, कॅनव्हासला न टेकवता, एक पातळ फळी बसवायची. मधली कोंडलेली हवा कापडाचं हलणं बरंच आवरते. आपल्या शाळेत, वाचनालयात, वाड्यात एखादं जुनं तैलचित्र असेल, तर त्याच्या मागे फळी आहे का आणि ते रस्त्याकडच्या भिंतीवर तर नाही ना, एवढं एकदा जाऊन बघा. चौकट मात्र जाणकाराशिवाय उघडू नका.